व्हिनेगरने दाखवलेला डाग

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कुणाचाच बसत नाही. ज्या गोष्टींवर लोकांनी लगेच माना डोलावल्या अशा गोष्टी मी जन्मात फार थोड्या सांगितल्या, आणि त्या सगळ्या पाणचट निघाल्या. ही पाणचट नाही. ही मी एका पोरीला बाकावर बसवून ठेवण्यासाठी सांगितली, आणि सांगता सांगता मलाच घाम फुटला, कारण पोरगी सारखी उठू पाहत होती आणि खाली अंगणात डॉक्टरबाईंची गाडी निघायच्या तयारीत होती.

तो बाक आमच्या गोळ्यांच्या केंद्रातला. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला वळसा घातला की एक लांबोळका व्हरांडा लागतो. दारावर पाटी नाही, नुसता नंबर आहे. एचआयव्हीवाल्यांना कुठे जायचं ते पाटीशिवाय कळतं आणि बाकीच्यांना ते कळू नये एवढीच आमची इच्छा. इथे आम्ही बायका एकमेकींना नावाने हाक मारत नाही, तशी पद्धतच पडून गेली आहे. उद्या बाजारात समोरासमोर आलो आणि तोंडून खरं नाव निघालं, तर शेजारी उभी असलेली जाऊ विचारणार, "हिला तू कशी ओळखतेस गं?" म्हणून एक चष्मेवाली, एक डबलरोटी, एक घड्याळबाई. मी इस्त्री. सगळं आयुष्य लॉन्ड्रीत गेलं, दुसरं कोणतं नाव मिळणार?

शेजारची पोरगी नवी होती, तिला अजून नाव पडायचं होतं. डोक्याला निळा स्कार्फ घट्ट बांधलेला, म्हणून मी मनातल्या मनात तिला स्कार्फवाली करून टाकलं. तिने पर्समधून गोळ्यांची बाटली काढली आणि पुन्हा आत ठेवली. अजिबात आवाज आला नाही. आत कापूस कोंबलेला होता. म्हणजे घरी सांगितलेलं नव्हतं. गोळ्या खुळखुळल्या की घरातलं कुणी ना कुणी विचारतंच.

ती नुकतीच पडद्याच्या खोलीतून बाहेर आली होती. सिस्टरने तिला दारातच सांगितलं होतं आणि मी कान टवकारून ऐकलं होतं. "घाबरू नकोस. हा कॅन्सर नाही, कॅन्सर व्हायच्या आधीची पायरी आहे. गर्भपिशवीच्या तोंडाशी पांढरा डाग उठलाय, तेवढाच जाळून टाकायचा. मशीन चार्जिंगला लावलंय, आधीची एक झाली की तुलाच आत घेते. पण जाऊ नकोस हं कुठे. डॉक्टरबाई दुपारी गाडी घेऊन पुढच्या केंद्रावर जाणार. मग पुन्हा केव्हा येतील, ते माझ्या हातात नाही."

एवढं सांगून सिस्टर पडद्याआड गेली आणि पोरगी उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

"घरी जाऊन येते. नणंद येणार आहे. मी शिंप्याकडे गेलेय म्हणून सांगितलंय." तिने फोन पाहिला. फोन थरथरला, तिने तो पोटाशी दाबून धरला. "शिंप्याकडे इतका वेळ लागतो का?"

"ब्लाउज बिघडवायला लागतो की."

ती हसली नाही. तिच्या ओठांना कोरड पडली होती. तिला नणंदेची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती त्या पडद्यामागे होती आणि नणंद हा तिला सापडलेला चांगला बहाणा होता. असले बहाणे मी लांबून ओळखते. स्वतः घाऊक वापरलेत.

"डाग पांढरा म्हणाली ना?" मी म्हटलं. "माझ्या लवंगेलाही हिने अगदी असंच सांगितलं होतं. हीच सिस्टर, तेव्हा तिचे केस काळे होते. बस जरा. लवंगेने त्या दिवशी काय केलं ते ऐक आणि मग खुशाल जा."

"झालं सुरू," मावशी म्हणाली. मावशी म्हणजे व्हरांडा पुसणारी. केंद्र उघडलं तेव्हापासून ती इथे आहे, फिनेलचा वास आणि ती एकदमच येतात. बादली सरकवत ती आमच्या पायांशी आली. "पोरी, ही सांगेल त्यातलं अर्धं या बादलीत टाक. उरलेलं अर्धं पिळून घे. जे ठिबकेल तेवढं खरं."

"पाय वर घे गं," मी स्कार्फवालीला म्हटलं. पाय वर घ्यायचे तर बसावं लागतं. ती बसली.

तर लवंग. लवंग म्हणजे एवढीशी, काटकुळी, आणि तोंडाने तिखटजाळ. आम्ही दोघी एकाच लॉन्ड्रीत. मी इस्त्रीला, ती धुण्याच्या हौदाशी. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, हॉलचे टेबलक्लॉथ, सगळं आमच्याकडे यायचं. बॉयलरची वाफ अशी दाट, की मुकादम आम्हाला चाचपून हजेरी घ्यायचा. आणि माझा हात! एकदा इस्त्रीखालून पाल गेली, ती अजून कडक घडी घेऊन भिंतीवर फिरते. एका हॉटेलची चादर मी इतकी कडक केली, की ती उभी करून तिच्या आडोशाला आम्ही डबे खायचो.

"पाल मेली असेल," स्कार्फवाली म्हणाली.

"पाल नव्हतीच," मावशी म्हणाली.

आम्ही दोघी गोळ्या घेतो हे लॉन्ड्रीत कुणाला माहीत नव्हतं. कळलं असतं तर आमचा हात लागलेली चादर एकाही हॉटेलने घेतली नसती, मग मुकादमाने आम्हाला ठेवलं असतं होय? म्हणून आम्ही महिन्याच्या महिन्याला आळीपाळीने दुखणी काढायचो. तिची दाढ, माझी कंबर, आणि दुसरी सोबतीला. लवंगेच्या तोंडात दात होते त्याहून जास्त तिने दाढा काढून घेतल्या.

अशाच एका दाढेच्या दिवशी सिस्टरने आम्हाला धरलं. म्हणाली, या विषाणूमुळे अंगाची राखण करणारी ताकद कमी पडते, म्हणून गर्भपिशवीच्या तोंडाशी खराब पेशी इतर बायकांपेक्षा लवकर जमतात. दुखत नाही, खुपत नाही, बाईला पत्ताही लागत नाही. पण त्या कॅन्सर व्हायच्या आधी दिसतात, आणि तेव्हाच घालवता येतात. म्हणून गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकीने ठरावीक काळाने तपासून घ्यायचं. आज डॉक्टरबाई मशीन घेऊन आल्यात, आजच चला.

लवंग आधी नाहीच म्हणाली. मग हो म्हणाली. मग संडासला जाऊन बसली. मी दारावर थापा मारल्या तेव्हा आतून म्हणाली, "मी मेले म्हणून सांग." शेवटी मी तिला दंडाला धरून पडद्यापर्यंत नेलं. आत गेली ती माझी पिशवी छातीशी धरूनच. मी बाहेर बसले, याच बाकावर. हा बाक तेव्हाही असाच डुगडुगायचा.

इथे पडद्याची खोली उघडली. स्कार्फवालीने दचकून वर पाहिलं. आतून एक बाई आली, पदराने तोंड पुसत, आणि कुणाकडे न पाहता निघून गेली. सिस्टरने डोकं बाहेर काढून आमच्याकडे पाहिलं, हाताने "थांब" अशी खूण केली आणि चष्मेवालीला आत घेतलं. म्हणजे अजून एक. स्कार्फवालीचा फोन पुन्हा थरथरला. व्हरांड्याच्या खिडकीतून खाली पाहिलं तर ड्रायव्हर गाडीची काच पुसत होता.

"ती रडत होती?" स्कार्फवालीने विचारलं.

"कोण?"

"आत्ता गेली ती."

"ती नेहमीच तशी दिसते," मी म्हटलं. "आमची लवंग मात्र हसत बाहेर आली. आणि तिथेच सगळा घोळ झाला."

तर लवंग बाहेर आली ती अशी, जसं काही परीक्षेत पहिली आलीय. माझ्या हातात पिशवी कोंबून म्हणाली, "चल."

"काय झालं?"

"काही नाही गं. डाग होता. सिस्टरने कापसाने व्हिनेगर लावलं, जरा थांबली, बॅटरी मारून पाहिलं. पांढरा झाला म्हणाली."

आता हे नीट ऐक. तू कुठे काम करतेस? बेकरीत? मग तुला नाही कळायचं. लॉन्ड्रीतल्या बाईला कळतं. आमच्याकडे शेवटच्या पाण्यात व्हिनेगर टाकतात. चादर साबणाने पिवळी पडली की व्हिनेगर. काखेचा डाग, व्हिनेगर. आमच्या जगात डागाला व्हिनेगर लागलं आणि तो पांढरा झाला, म्हणजे काम संपलं. वाळत टाका. मुकादमसुद्धा तेच विचारायचा, "पांढरं झालं का?" झालं म्हटलं की पुढची गाठोडी. तेव्हा लवंगेने ऐकलं ते असं, की डाग होता, सिस्टरने व्हिनेगर लावलं, डाग गेला.

आणि शहाणी मी! मला विचारावंसं वाटलं फक्त एवढंच, "एकदाच लावलं?"

"एकदाच."

"एकदाच लावून पांढरा? कसलं व्हिनेगर म्हणायचं! आपला मुकादम त्यात पाणी घालतो, मी म्हणत नव्हते?"

"तरी सिस्टर म्हणत होती, बाहेर बस, बाहेर बस."

"चक्कर येते का बघायला म्हणत असेल. येतेय का चक्कर?"

"छे."

मग आम्ही निघालोच की. वाटेत दोघी इतक्या खूश होतो की तिने मला पेरू घेऊन दिला आणि मी तो भर रस्त्यात खाल्ला. लॉन्ड्रीत पोहोचलो. मुकादमाने दाढ दाखव म्हटलं, तिने तोंड उघडलं, त्याला आत काय दिसलं कोण जाणे, तो मागेच सरला.

"मग पुढे कळलं कसं?" स्कार्फवालीने विचारलं. फोन तिने पालथा घालून मांडीवर ठेवला होता. माझा जीव जरा भांड्यात पडला.

सांगते. दुपार व्हायची होती. हौदावर त्याच आठवड्यात लागलेली एक मुलगी होती. तिने एका टेबलक्लॉथला साबण चोळला आणि किंचाळलीच, "रक्त! अगं बाई, रक्त आलं!" पिवळट कापड, त्यावर भलामोठा लालभडक डाग. सगळ्या धावल्या. लवंग हसायला लागली. हात कमरेवर ठेवून त्या मुलीला म्हणाली, "रक्त कसलं, हळद आहे ती. पिवळ्या कापडावर लपून बसलेली असते, कुणाला दिसत नाही. साबण लागला की लाल होते. साबणाने डाग आणलाही नाही आणि काढलाही नाही. साबणाने फक्त दाख..."

आणि तिथे थांबली.

तिचं हसू ओठांवरच वाळलं. हात कमरेवर होते ते तसेच. मी इस्त्रीच्या टेबलापाशी होते, मधे एवढी वाफ, तरी मला तिचा चेहरा दिसला. ती माझ्याकडे बघत होती. मी इस्त्री उचलायची विसरले, उशीच्या अभ्र्यावर तिचा ठसा उठला.

ती माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "इस्त्रे, व्हिनेगरने डाग काढला नाही गं. दाखवला. सिस्टर म्हणूनच बस म्हणत होती."

मी तेव्हा कुठे अभ्र्यावरून इस्त्री उचलली.

"आधी का नाही समजलं आपल्याला?" ती म्हणाली.

"चल, निघू."

"फाटकावर तो उभा आहे."

फाटकावर मुकादम. सुट्टीची घंटा होईपर्यंत चिमणी बाहेर सोडायचा नाही. दाढ वापरून झाली होती. माझी कंबर आदल्या महिन्यात वापरली होती. आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती. घंटेपर्यंत थांबावं तर डॉक्टरबाई जाणार. सिस्टर तिलाही तेच म्हणाली होती, पुन्हा केव्हा येतील ते माझ्या हातात नाही. लवंग हौदाशी परत गेली, एक चादर उचलली, तीच चादर पुन्हा पुन्हा पिळत राहिली. पाणी केव्हाच संपलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे ती पाहत नव्हती, मी पाहत होते. काटा पुढे सरकला की मला वाटायचं, त्या पांढऱ्या डागानेही तेवढंच पाऊल टाकलं.

"मग?" स्कार्फवाली.

मावशी पुसायची थांबली होती. फडकं हातात, बघत होती माझ्याकडे.

मग काय, मी बॉयलरपाशी गेले आणि वाफेचा मोठा व्हॉल्व्ह सताड उघडला! अशी वाफ सुटली, अशी सुटली, की मुकादमाच्या मिशा सरळ झाल्या. लोकांना स्वतःचे हात दिसेनात. दोन माणसं एकमेकांच्या चपला घालून घरी गेली, एक तर दुसऱ्याच्या घरी गेला आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

"इस्त्रे," मावशी म्हणाली.

"तू पूस गं." मळक्या कपड्यांची आमची एक ढकलगाडी होती, कापडी पोटाची, चाकांची. तीत मी लवंगेला बसवलं, वर चादरी टाकल्या आणि फाटकातून बाहेर! मुकादम वाफेत ओरडतोय, "कोण ते? कोण चाललंय?" मी म्हटलं, "वाफ चाललीय साहेब!" तर म्हणतो, "जाऊ दे."

स्कार्फवाली हसली. पहिल्यांदाच. खालचा ओठ चावून हसली, पण हसली.

मग पुढे उतार. ढकलगाडीचं एक चाक सुटं, ते आमच्या पुढे धावायचं आणि वळणावर आमची वाट बघत थांबायचं. चौकात पोलिसाने शिट्टी मारली, चादरींमधून लवंगेने हात बाहेर काढून त्याला थांबायची खूण केली, आणि बिचारा थांबला! आत बसून ती मला शिव्या घालत होती, आणि शिव्या देतेय म्हणजे जिवंत आहे म्हणून मी आणखी जोरात ढकलत होते. हॉस्पिटलच्या अंगणात शिरलो आणि बघते तर काय, गाडी सुरू झालेली. डॉक्टरबाई पुढच्या सीटवर. मशीन मागे. गाडी फाटकाकडे वळली.

"अरे देवा," स्कार्फवाली म्हणाली.

"इस्त्रे, पुरे," मावशी म्हणाली.

पण मी आता थांबते होय? मी वरची चादर ओढली. माझ्याच हातची, कांजीची, कडक. दोन्ही हातांनी भिरकावली ती थेट गाडीच्या काचेवर जाऊन बसली, थाप! ड्रायव्हरला वाटलं भिंतच आली पुढे. त्याने करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली. डॉक्टरबाई उतरल्या. मी म्हटलं, "बाई, ही ती पांढऱ्या डागाची." त्या म्हणाल्या, "अहो, हिलाच तर शोधत होते मी!"

मग मशीन पुन्हा वर आलं. आणि ऐक, हे तुझ्या कामाचं आहे. ते मशीन म्हणजे काय असेल? इस्त्रीच! छोटीशी, दांडीला लावलेली, टोक बोराएवढं. ते तापतं आणि त्या डागावर टेकवतात, मोजून काही श्वास. लवंग आतून ओरडली, "इस्त्रे, ही तर तुझीच बहीण गं!" पोटात जरा पीळ पडतो, पाळीच्या पहिल्या दिवशी पडतो तसा. नंतर काही दिवस पाणी जातं, नवऱ्याला थोडे आठवडे लांब झोपवायचं, आणि पुढे सिस्टर बोलावेल तेव्हा पुन्हा दाखवायला यायचं. संपलं. लवंग तिथून आपल्या पायांनी चालत घरी गेली. मला ढकलगाडीत बसवून!

मी दम घेतला. चांगली झाली होती. ढकलगाडीचं सुटं चाक तर मला सांगता सांगताच सुचलं होतं.

स्कार्फवालीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. तिने स्कार्फची गाठ सैल केली, फोन सुलटा केला, पाहिला. आणि उभी राहिली.

"कुठे?" मी म्हटलं.

"घरी. धावत जाऊन येते. नणंदेला तोंड दाखवते, चहा देते, की आलेच." ती पर्स खांद्याला अडकवत होती. आवाजात हसू होतं. "आता मला एवढी भीती नाही वाटत, आजी. खरंच. आणि गाडी निघायला लागलीच तर तुम्ही आहात की. थांबवाल."

"नाही, म्हणजे... ती चादर आता..." मी म्हटलं. "अगं, तेव्हाचे ड्रायव्हर वेगळे होते."

"मग डॉक्टरबाईंना सांगा. त्या उतरतातच ना? लवंगेसाठी उतरल्या."

खालून गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. ड्रायव्हर आत बसला होता, आरसा नीट करत होता. पडद्याच्या खोलीतून चष्मेवालीचं कण्हणं आणि सिस्टरचं "झालं, झालं, बघ झालंसुद्धा" ऐकू येत होतं. म्हणजे आता हिचीच पाळी. पोरगी दोन पावलं गेलीसुद्धा. मला तिचा दंड धरायचा होता आणि हात उचलला जात नव्हता. आयुष्यभर माझ्या तोंडाने मला कधी दगा दिला नव्हता. तेव्हा मात्र नुसतं उघडं राहिलं.

"थांब," मी कशीबशी म्हटलं. "गोष्ट अजून..."

"आल्यावर ऐकते ना!"

मावशीने बादली व्हरांड्याच्या मधोमध आडवी सरकवली. पाणी हिंदकळून पोरीच्या चपलांवर आलं. ती मागे सरली.

"मावशी, जाऊ द्या ना. मी येतेय परत."

"लवंगही या दारातून परत जाताना असंच म्हणाली होती." मावशीने फडकं बादलीत टाकलं आणि ओला हात तिच्या खांद्यावर ठेवला. ओरडली नाही. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. "खाली बस, पोरी. गाडी थांबली नव्हती. वाफ नव्हती, ढकलगाडी नव्हती, चादर नव्हती. मुकादमाने सोडलं नाही, घंटा झाल्यावर या दोघी धापा टाकत पायी आल्या, तेव्हा गाडी केव्हाच गेलेली आणि या दाराला मी कुलूप लावत होते. त्या दिवशी लवंग दारात उभी राहून मला म्हणाली, 'उघडा ना, फक्त बघते.' काय बघणार होती? पुढच्या खेपेला गाडी आली तर ती आली नाही. एकदा गोळा केलेला धीर तिला परत गोळा करता आला नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. आली तेव्हा डॉक्टरबाईंच्या त्या इस्त्रीला करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तिला इथून चाकांच्या खुर्चीत घालून नेलं ते मी आणि हिने. डाग आणि सिस्टरचं बोलणं तेवढं खरं. बाकी ही म्हातारी खोटं बोलतेय."